खंडेनवमीला पाडलेला मेन स्विच

मोशीच्या आमच्या सोसायटीत समोरच्या दारात वर्षाली राहते. माहेर हिंगोलीकडचं. चाकणला पत्रा दाबून प्रेसपार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती कॉम्प्युटर सांभाळते. तिचा नवरा प्रज्वल; त्याच्या कारखान्याने कॉन्ट्रॅक्टची माणसं कमी केली, तेव्हापासून घर हिच्याच पगारावर चालतं. रोज निघताना माझ्या उघड्या दारातून देवाला हात जोडते, "येते काकू" म्हणते आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरते. अशी घाईची पोरगी.

दसऱ्याच्या सकाळी मात्र दारात उभी राहिली ती हलेचना.

"काकू, माझ्याबरोबर चाकणला येता का? कंपनी बंद आहे. एकटीला भीती वाटायलीय."

चेहरा पांढरा पडला होता. मी देवापुढचा दिवा प्रज्वलवर सोपवला आणि स्कूटरवर मागे बसले. वाटेत तिने सगळं सांगितलं. कंपनीत सर्व्हर म्हणून एक मोठा कॉम्प्युटर आहे. मालाच्या पेट्यांवरची बारकोडची लेबलं त्याच्यावरूनच निघतात. लेबल नसलं तर माल घेणारे मोठ्या कंपनीवाले गाडी गेटमधून आत घेत नाहीत. सर्व्हरची विंडोज आणि लेबलांचा प्रोग्रॅम ज्या डिस्कवर होता ती जुनी झाली होती, कुरकुरत होती. प्रोग्रॅम करून देणारा माणूस परदेशी गेलेला, त्यामुळे नवा टाकायचीही सोय नाही. सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उचलायला मालक दत्तोबा बाहेरची माणसं बोलावणार होते. हीच म्हणाली, "दादा, मी करते." आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दुपारी कॉपी सुरू करून ती घरी आली, आणि सकाळी मोबाइलवर बघते तर सर्व्हर सापडेना.

गेटवर वॉचमन भैरू होता. त्याने सहज सांगितलं, "आरती झाली आन् दादांनी मेन स्विच पाडला. दरवर्षी पाडत्यात. मशिनींना आराम नको व्हय?"

"मी दादांना सांगितलं होतं, सर्व्हर चालू राहू द्या म्हणून."

"व्हय म्हणले असतील. पूजेच्या गडबडीत कुठं ध्यानात ऱ्हातंय!"

आत प्रेस मशिनी झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. ऑफिसातल्या सर्व्हरलाही हळदकुंकू, माळ, पुढ्यात पानसुपारी. भैरूने स्विच वर केला. वर्षालीने बटण दाबलं. आतून टक, टक असा आवाज आला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"ही डिस्क वर्षानुवर्षं थांबलीच नव्हती हो काकू. आता फिरायलीच नाही. आणि कॉपी अर्धवट."

ती सर्व्हरचा डबा उघडायला वाकली आणि माळेपाशी थबकली. पूजा हलली नव्हती. दत्तोबा उत्तरपूजा करेपर्यंत तिथे कुणी हात लावायचा नाही, अशी रीत. मी हातपाय धुऊन आले, अक्षता वाहिल्या, सुपारी जराशी सरकवली आणि देवाची क्षमा मागून माळ उतरवली. म्हटलं, "कर तुझं काम."

तिने डिस्क बाहेर काढून तळहातावर धरली. वायर जोडलेलीच होती. आतलं चक्र अडकलं असेल तर करंट येताच मनगटाला हलका हिसका द्यायचा, हा शेवटचा उपाय. मी बटण दाबायचं, तिने हिसका द्यायचा. टक टक. पुन्हा. टक टक. ती रडत नव्हती, नुसती ओठ चावत होती. माझा जप तोंडातल्या तोंडात चालला होता, पण त्यातली नावंही पुढेमागे होत होती.

मग एकदा ती ओरडली, "थरथर लागली! फिरायलीय!"

तिने डिस्क घडी केलेल्या ओढणीवर अलगद ठेवली आणि पहिल्यापासून कॉपी लावली. टेबलाला धक्का लागेल म्हणून आम्ही खुर्च्याही सरकवल्या नाहीत. तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी कॉपी संपत आली तेव्हा दत्तोबा आले. धोतर, नवी टोपी, हातात आपट्याची पानं.

"पूजा कुणी हलवली?"

"मी," मी म्हटलं.

"बरं झालं. वर्षाली, उद्या पहिल्या शिफ्टला माल निघंल ना? न्हाईतर मला बाहेरची माणसंच ठेवाया लागतील. कायमची."

स्विचबद्दल तीही बोलली नाही, तेही बोलले नाहीत.

पडद्यावर कॉपी पूर्ण झाल्याचं आलं, तरी ती हात बांधून बसली. मी विचारलं, "आता काय?"

"आता हे बंद करून नवी डिस्क लावायची. पण जुनी एकदा थांबली की परत उठायची नाही. नवीत काही राहून गेलं असेल तर दोन्ही गेल्या. बंद करू का, काकू?"

मी देवाला हात जोडले. दत्तोबांनी मान दुसरीकडे वळवली. शेवटी तिने एकटीनेच बटण दाबलं. थरथर थांबली. तिने जुनी काढली, नवी लावली, सर्व्हर सुरू केला. पडदा काळा. काळाच राहिला. वर्षालीने डोळे मिटून घेतले. मला दिसलं आधी, पडद्यावर विंडोजची निळी खिडकी उजळलेली. मी तिच्या खांद्याला धरून हलवलं.

प्रिंटरमधून लेबल आलं. दत्तोबांनी ते उजेडाकडे धरलं, भैरूकडून एका पेटीवर चिकटवून घेतलं, अंगठ्याने दाबून बघितलं. मग आपट्याचं पान आधी तिच्या हातावर ठेवलं.

"उद्या येळेवर ये. आन् पुढच्या टायमाला ही असली कामं सणाच्या आधी उरकीत जा."

"हो दादा," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती स्कूटरकडे गेलीच नाही. कंपाउंडच्या भिंतीला टेकून ती खाली बसली आणि मोठ्याने रडली. तेवढ्यात प्रज्वलचा फोन आला. तिने नाक पुसलं.

"झालं," ती म्हणाली. "पुऱ्यांचं पीठ मळून ठेव. काकू पण आपल्याकडेच जेवतील."