मार्गितची बाजू

ऑरिन टेलफरला भांडायला माणूस लागायचं. मॅडिसनच्या विद्यापीठात त्यानं जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, दोनदा संसार मांडला, दोनदा मोडला. या सगळ्या पसाऱ्यात त्याचं एकच नातं टिकलं, ते मार्गित ओयालाशी असलेल्या भांडणाचं.

आकड्यांची चित्रं काढणाऱ्यांची वर्षातून एकदा मोठी परिषद भरते. सकाळी शिकवणीचे वर्ग, दुपारी परिसंवाद. वर्ग ऑरिनचा: साधी रेघ कशी ओढावी. परिसंवाद मार्गितचा, त्यात तिच्यासमोर ऑरिन. ती वर उत्तरेला, सरोवराकाठच्या डुलूथ गावी, तिथल्या माशांची मोजदाद ठेवणाऱ्या खात्यात होती. मासे घटल्याचा आलेख काढायचा तर ती सरळ मासाच काढायची, वर्षागणिक रोडावत जाणारा, डोळे वटारलेला.

"तो मासा काप आणि नुसती रेघ ठेव," ऑरिन भर सभेत म्हणायचा.

"तुझी रेघ कुणी घरी नेऊन भिंतीवर लावलीय का रे कधी?" मार्गित विचारायची. सकाळच्या वर्गात डुलक्या काढणारी मंडळी या भांडणाला मात्र टक्क जागी असायची.

परिसंवाद असाच मिळत नाही. वसंतात प्रस्ताव पाठवावा लागतो, प्रत्येक वक्त्यानं आपलं मत वेगळ्या पानावर मांडायचं असतं, आणि ती मतं खरोखर एकमेकांविरुद्ध असावी लागतात. एकमेकांकडे बघून माना डोलावणाऱ्यांना तिथं व्यासपीठ नाही. हा सगळा व्याप मार्गितच सांभाळायची. ऑरिननं फक्त आपलं पान खरडायचं, तेही तिनं चारचारदा टोचल्यावर.

त्या हिवाळ्यात तिला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. मागं एकच शब्द राहिला: हो.

ऑरिननं ठरवलं, यंदा प्रस्ताव आपण लिहायचा. मार्गित व्यासपीठावर बसेल, तिची बाजू आपण वाचून दाखवायची. परिसंवाद निवडणाऱ्या बर्निसला त्यानं फोन केला. बाई सरळ होती.

"ऑरिन, वाईट वाटून घेऊ नका, पण दोन्ही बाजूंनी तुम्हीच बोलणार असाल तर त्याला परिसंवाद कसं म्हणायचं?"

"तिचे मुद्दे मला तिच्यापेक्षा जास्त पाठ आहेत."

"ते पाठ असतील हो. पण तिला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? ती तयारच असणार," ऑरिन म्हणाला. शिकलेला माणूस हट्टाला पेटला की त्याच्यापुढं कुणाचं चालत नाही.

मार्गितचं पान लिहायला बसला, तेव्हा ते सरसर उतरलं. इतकं चांगलं उतरलं, की स्वतःचं पान त्याच्यापुढं फिकं वाटायला लागलं. दोन्ही पानं घेऊन तो डुलूथला गेला. सरोवरावर अजून बर्फ होता.

दार टाउनोनं उघडलं. मार्गितचा नवरा, लोहखनिजाच्या बोटींवर उमर काढलेला. त्यानं कॉफी ओतली, वेलचीचा पाव कापला.

"ती सगळ्याला हो म्हणते, आधीच सांगून ठेवतो," टाउनो म्हणाला. "परवा विचारलं, माझ्याशी लग्न करून पस्तावलीस का गं? तर म्हणे, हो!" तो हसला आणि मग हसता हसता खिडकीबाहेर बघत राहिला.

मार्गित खुर्चीत होती. केस नीट विंचरलेले, डोळे पूर्वीचेच. ऑरिननं तिची बाजू वाचली.

"हो," मार्गित म्हणाली.

मग त्यानं स्वतःची वाचली, आवाज चढवून, मुद्दाम टोचेल अशी.

"हो."

"माशांची चित्रं काढणाऱ्यांना परिषदेच्या दारात उभं करू नये, असं माझं मत आहे. कळलं का?"

"हो," मार्गित म्हणाली.

मार्गितची वाचा गेली, हात गेला, हे ऑरिननं कसंबसं पचवलं होतं. पण तिचं 'नाही' गेलं तर या जगात आपलं बोलणं खोडून काढणारं कुणी उरलं नाही, हे त्याला तिथं, कॉफीचा कप हातात धरून, कळलं. त्यानं घाईघाईनं प्रस्ताव टेबलावर पसरला आणि बोलत सुटला. "तू मधोमध बसायचंस. मागं पडद्यावर तुझे सगळे मासे. मी तुझं पान वाचीन. बघ तू, सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवील!"

"हो," ती म्हणाली. आणि तिचा डावा हात टेबलावरच्या पेन्सिलीकडे गेला. वक्त्यांची नावं होती तिथं तिनं पेन्सिल टेकवली आणि स्वतःच्या नावावर वाकडीतिकडी रेघ ओढली.

"हात हलला तुझा. असू दे," ऑरिन म्हणाला आणि खाली तिचं नाव पुन्हा लिहिलं.

तिनं ते पुन्हा खोडलं. या वेळी इतक्या जोरानं, की कागद फाटला.

"दिसतंय ना?" टाउनो हळूच म्हणाला. "तोंड काहीही म्हणू दे. तिला लोकांपुढं असं बसायचं नाहीये."

"पण तिची बाजू मांडायला नको? इतकी वर्षं तिनं..." ऑरिन सवयीनं वादाला उभा राहिला. तेवढ्यात त्याची नजर तिच्याकडे गेली. मार्गितचे डोळे भरले होते आणि ती त्याच्याकडे रोखून बघत होती, अगदी भर सभेत बघायची तशी. बाई जशीच्या तशी आत होती. टाळ्या कुणाला हव्या होत्या, हे त्याला उमगलं आणि त्याची मान खाली गेली. तिची अख्खी बाजू लिहून आणली, आणि तिला एवढं साधं विचारायचं राहून गेलं.

"तुझं बरोबर आहे, मार्गित," तो म्हणाला. हे वाक्य तो तिला आयुष्यात प्रथमच म्हणत होता.

अंगणात येऊन त्यानं बर्निसला फोन लावला. "माझा वर्ग ठेवा. परिसंवादाचा प्रस्ताव मी मागं घेतोय."

"का हो? आता मतभेद उरला नाही म्हणता?"

"उरलाय," ऑरिन म्हणाला. "पण ती जिंकली."