अक्काच्या गाडीची जागा

आमची गल्ली म्हणजे इंदापुरात कचेरीच्या मागच्या अंगाला पडलेली एक चिंधी. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकानं मागं घ्यायची आणि दुसऱ्यानं त्याला शिव्या द्यायच्या, एवढीच रुंदी. माझ्या आज्यानं मेंढरं विकून इथं घर बांधलं तेव्हा गल्लीला नावसुद्धा नव्हतं. नव्वद सालानंतर घरोघरी केबल आली, कोपऱ्यावर फोनचं पिवळं खोकं आलं, आणि त्यांच्या मागोमाग अक्कल आली. अक्कल आली की गल्लीचं वाटोळं होतं, हे सांगायला माझी तिसरीपर्यंतची शाळा पुरते.

झालं असं की कचेरीत उताऱ्याला, दाखल्याला येणारा माणूस आपली फटफटी आमच्या गल्लीत लावायचा आणि साहेब भेटेपर्यंत विसरून जायचा. साहेब काही लवकर भेटत नसत. बाजारच्या दिवशी तर घराबाहेर पडायला आडवं व्हावं लागे. हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही.

बाजारच्या दिवशी माझ्या दारात मात्र एकच गाडी असायची, माझ्या थोरल्या बहिणीची. अक्काला पळसदेवला दिलेली. बैलगाडीत वांगी-गवार घालून ती पहाटे निघायची, माझ्या दारात गाडी सोडायची, बैलांपुढं वैरण टाकायची, आत येऊन माझ्या बायकोच्या कालवणाला नावं ठेवायची आणि मग बाजारात जाऊन बसायची. आई-बाप गेल्यावर बाईला माहेर म्हणून काय उरतं? भाऊ उरतो आणि दारात गाडी सोडायची जागा उरते. भावाचं तोंड तिला फारसं आवडत नव्हतं, म्हणून जागेचं मोल जास्त.

गल्लीत बँकेचे एक साहेब बदलून आले होते. दोन-तीन वर्षं झाली असतील, भाड्यानं राहत. त्यांनी एक जुनी मोटार घेतली. मोटार घेतली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या दारात विजेचा खांब आहे. आपण असतो तर मोटार विकली असती नाहीतर दुसरीकडं लावली असती. साहेब शिकलेले. त्यांनी मारुतीच्या पारावर गल्लीची बैठक बोलावली.

अध्यक्ष हायस्कुलाचे मास्तर झाले. मास्तर सगळ्या बैठकांचे अध्यक्ष असत, कारण ते कुणाच्याच विरुद्ध नसत. साहेबांनी योजना सांगितली. गल्लीत फक्त रहिवाशांची वाहनं लागतील, प्रत्येक वाहनाला एक पिवळा बिल्ला, जमिनीवर चुन्याच्या रेघा आणि तोंडाशी पाटी. नगरपालिकेत त्यांनी कुणाशी तरी बोलून ठेवलं होतं.

"आबा, पुण्यात सगळीकडं हीच पद्धत आहे," साहेब मला म्हणाले.

"पुण्यात पाव्हण्याला पाणी बी इचारून देत्यात म्हणं," मी म्हणालो. "ती बी पद्धत आणताय का?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत.

"मला एक बिल्ला द्या," मी म्हणालो.

"बिल्ला वाहनाला मिळणार. तुमच्याकडं वाहन कुठाय?"

"बहिणीची गाडी हाय की."

"त्या पळसदेवला राहतात."

"ती ह्या गल्लीत जल्मली. तुमी कुठं जल्मला?"

"मुद्दा तो नाही, आबा."

शिकलेल्या माणसाला उत्तर आलं नाही की मुद्दा तो नसतो.

मग मास्तरांनी शंका काढली, की बैलगाडी हे वाहन धरायचं का? यावर जी चर्चा झाली ती दिल्लीलाही होत नसेल. एकजण म्हणाला, नंबरपाटी नाही म्हणजे वाहन नाही. दुसरा म्हणाला, चाकं आहेत म्हणजे आहे. तिसरा म्हणाला, शेण पडतं त्याचं काय? शेवटी असं ठरलं की बिल्ल्यासाठी बैलगाडी वाहन नाही, पण मनाईसाठी आहे. हात वर करायला सांगितले. माझा सोडून सगळे वर. ज्यांच्या घरात सायकलसुद्धा नव्हती त्यांनी दोन्ही हात वर केले. उद्या गाडी आली तर जागा हातची का घालवायची?

बिल्ले हायवेवरच्या पेंटरनं रंगवले. त्याचा जन्म ट्रकांची ढुंगणं रंगवण्यात गेलेला. त्यानं 'रहिवासी' असं मोठ्यानं लिहून दोन्ही बाजूंना एकेक मोर काढला. मास्तरांच्या लूनाला मोर लागले, तेव्हा त्या लूनाकडं प्रथमच कुणीतरी वळून बघितलं. आणि साहेबांच्या दारात खांब असल्यामुळं त्यांच्या मोटारीच्या रेघा निघाल्या कुठं, तर माझ्या दारात. "तुमच्याकडं वाहन नाहीच ना, मोकळी जागा वाया कशाला?" असं मास्तरांनी मला समजावून सांगितलं. मास्तर समजावून फार छान सांगत.

पुढच्या बाजारी अक्का आली. गल्लीच्या तोंडाशी पाटी, आत माझ्या दारात मोटार. साहेब पाटीपाशीच उभे होते. पहिलाच बाजार, योजना कशी चालते ते बघायला.

"मावशी, गाडी इथं नाही आणायची. फक्त रहिवाशांसाठी आहे."

अक्कानं कासरा ओढला. साहेबांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मी धावत पोचलो.

"ह्यो कोण?" तिनं मला विचारलं.

"बँकेचं सायेब. भाड्यानं ऱ्हात्यात."

"भाड्यानं ऱ्हाणारा माझ्या बापाच्या दारात मला आडवतो, आन् तू काय करतोस? वारा घालतोस?"

"अक्का, बैठकीत ठरलंय—"

"तुझ्या बैठकीला लागली आग. ज्या दिवशी बापाच्या दारात माझी गाडी सुटंल त्या दिवशी बोलीव. तवर मी ह्या गावात तुझी बहीण न्हाय."

गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवायलाही जागा नव्हती. तिनं बैल सोडले, गाडी हातानं मागं ढकलली, परत बैल जुंपले आणि गेली. मी हात लावायला गेलो तर चाबूक दाखवला. वांगी-गवार तशीच घेऊन गेली. दिवाळी महिन्याभरावर आली होती. बायको म्हणाली, "भाऊबीजेला पाट मांडायचा, का नुसता धुऊन ठिवायचा?" बायकोच्या बोलण्यात कीव कमी आणि मजा जास्त होती, कालवणाला नावं ठेवणारी गेली होती ना.

योजनेत एक खोट होती. योजना पाळायला लावायची कुणी? प्रत्येकाला वाटे शेजाऱ्यानं भांडावं. पुन्हा बैठक. साहेब म्हणाले, "आबा दिवसभर दारात बसलेले असतातच. त्यांनीच लक्ष ठेवावं." त्यांना वाटलं मी नाही म्हणीन, मग मला गल्लीची कळकळ नाही असं म्हणता येईल. मी म्हणालो, "ठेवतो. पर नियम म्हंजी नियम. मागनं माझ्या नावानं वरडायचं न्हाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाटीखाली घोंगडी टाकली आणि काठी घेऊन बसलो.

कचेरीची गिऱ्हाइकं दोन दिवसांत हटली. मग राहिले गल्लीचेच पाहुणे. मास्तरांचे जावई बुलेटवरून आले. मोर नाहीत, बाहेर. मास्तर म्हणाले, "आबा, जावई आहेत!" मी म्हणालो, "जावई रहिवासी व्हायला घरजावई व्हावं लागतं. इचारा त्यास्नी." गॅसची हातगाडी अडवली. टाक्या बायकांनी वाहून नेल्या आणि नवऱ्यांना जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. एका घरी म्हातारा आजारी, डॉक्टर आले. डॉक्टरांना सोडलं, त्यांच्या स्कूटरला नाही. जे लोक बैठकीत दोन्ही हात वर करून बसले होते ते माझ्यासमोरून जाताना मान खाली घालू लागले. कुणी माझ्याशी भांडलं नाही, कारण भांडायचं तर योजनेशी भांडावं लागलं असतं, आणि ती त्यांचीच होती.

मग साहेबांच्या मुलीला बघायला बारामतीहून पाहुणे आले. पांढरी जीप, आत सातआठ माणसं कोंबलेली, पुढं मुलाचे चुलते, फेटा बांधलेले. मी काठी आडवी धरली.

"बिल्ला दावा."

"कसला बिल्ला?"

"मोराचा."

चुलत्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी पाटी दाखवली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली आणि मागं वळून म्हणाले, "उतरा रं. इंदापुरात पासपोर्ट लागतोय."

साहेब धावत आले. पायात एकच चप्पल.

"आबा, अहो पाहुणे आहेत! मुलीला बघायला आलेत!"

"पाव्हणंच हायत, साहेब. रहिवासी न्हायत."

"आजचा दिवस सोडा ना."

"पुण्यात सोडत्यात का?"

साहेबांची मुलगी दारातून डोकावली. पोर गुणाची, येताजाता मला 'आबा, चा झाला का' विचारणारी. ती हळूच म्हणाली, "आबा, थांबवा त्यांना थोडा वेळ. माझी साडी नेसायचीय अजून." म्हणून मी आणखी थांबवलं.

चुलते माझ्या घोंगडीवर टेकले. "आजोबा, मामला काय हाय?" त्यांनी विचारलं. मी अक्काचं सगळं सांगितलं, साहेबांच्या तोंडावर. गल्ली दारात जमलेली. चुलते ऐकत होते आणि साहेबांकडं बघत होते. ज्याची पोरगी सून करून न्यायची त्या माणसाकडं कुणी असं बघू नये.

"म्हणजे दुसऱ्याच्या दारातनं त्याची बहीण घालवून तुमी तिथं मोटार लावली?" ते साहेबांना म्हणाले.

"तसं नाही, ती बैठकीत—"

"मुद्दा तो न्हाय," मी म्हणालो.

साहेबांनी एकदा चुलत्यांकडं बघितलं, एकदा माझ्या काठीकडं. त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं, की माझ्या दारातली जागा माझ्या दारच्या माणसांची. चुना त्यांनी स्वतः पुसायचा असं मी म्हणालो, तर ते इस्त्रीच्या प्यांटीत खाली बसले. त्यांच्या मोटारीखालची रेघ निघेना, मग मोटार हलवावी लागली. ती त्यांनी नेऊन हायवेच्या कडेला ट्रकांच्या रांगेत लावली. मग मी काठी उचलली. सोयरीक जमली म्हणा. मुलीचं नशीब चांगलं, बापाचं तिच्यामुळं.

आता राहिली अक्का. निरोप धाडला. उत्तर आलं, "निरोपानं कुत्रं बी येत न्हाय." एसटीनं पळसदेवला गेलो. ती वाफ्यात पाणी धरत होती. तिनं मला बांधावर उभं केलं आणि सगळी हकिकत दोनदा सांगायला लावली. साहेबांनी चुना पुसला तेवढा भाग तिसऱ्यांदा. मग म्हणाली, "चुना पुसलेला मी माझ्या डोळ्यांनी बघीन. भाऊबीजेला येते. कशात यायचं ते माझं मी ठरवीन."

भाऊबीजेला सकाळी गल्ली हादरली. अक्का माझ्या भाच्याच्या, म्हणजे तिच्या पोराच्या, ट्रॅक्टरवर बसून आली, मागं ट्रॉली. ट्रॅक्टर माझ्या दारात थांबला तेव्हा ट्रॉलीचं शेपूट गल्लीच्या तोंडाशी होतं. मोर लावलेल्या सगळ्या गाड्या आत कोंडल्या. मास्तरांना लेकीकडं जायचं होतं, लूना बाहेर निघेना.

"अक्का, बैलगाडी का न्हाय आणली?" मी विचारलं.

"बैलगाडी कुणीबी हातानं सरकवतंय. आता ह्ये सरकवा म्हणावं."

साहेबांची मोटार त्या दिवसापासून हायवेलाच असायची, पण भाऊबीजेला आपल्या बहिणीकडं न्यायच्या फराळाच्या पिशव्या घेऊन त्यांना ट्रॉलीशेजारून चालत निघावं लागलं. भिंत आणि ट्रॉली यांच्यामध्ये ते अडकले. पुढं जाता येईना, मागं येता येईना. अक्का ओवाळणीचं ताट घेऊन दारात आली आणि त्यांना बघून म्हणाली, "कोण, बँकेचं सायेब? बहिणीकडं निघालासा व्हय?"

"हो, मावशी. जरा पुढं घेता का?"

"घेते की. भावाला ओवाळते, जेवते, दोन घटका पडते, मग घेते. तवर आत या. बहिणीकडं जायला आडकाठी झाली की जिवाला कसं लागतं, मला ठावं हाय."

साहेबांनी पिशव्या डोक्यावर धरल्या, पोट आत घेतलं आणि आमच्या उंबऱ्यावर पाय टाकून सुटले. अक्कानं त्यांना पाटावर बसवलं आणि माझ्या बायकोला सांगितलं, "वाढ त्यास्नी. पर कालवणाचं आधीच सांगून ठिव."