दाराचा नवा रंग

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा तीर्थपुरी सोडून नवीन जालन्यात राहायला जायचं ठरलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि खाली गाडी लावायला जागा नाही. म्हणून गाडी विकायची. तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं.

गाडी मीच चालवायचे. पंचेचाळिशी उलटल्यावर शिकले. आमच्या ह्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, शेजारी बसून "हळू, हळू" तेवढं म्हणायचे. गाडीची दोन दुखणी होती. मागच्या दाराला उसाची ट्रॉली घासून पोचा पडला होता, आणि खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाशी खडखड वाजायचं.

लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, आधी दुरुस्त कर, मग तपासणी करून सर्टिफिकेट घे. नाहीतर कोण विश्वास ठेवणार?"

वडीगोद्रीचा आमचा मिस्त्री म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर इकून राह्यल्या. मंग खर्चा कशाला? घेणारा बघून घेईल."

मला दोघांचंही पटलं. पंचाईत तीच होती.

पहिलं गिऱ्हाईक पोचा बघूनच मागे फिरलं. "बाहेरून अशी, तर आतून कशी असंल?" म्हणून आम्ही दार ठोकून रंगवून घेतलं. दुसऱ्याने त्याच दारावर बोट फिरवलं आणि विचारलं, "ॲक्सिडेंट झाल्ता का?" मी ट्रॉलीचं सांगितलं. तो ह्यांच्याकडे बघून हसला आणि चहा न घेताच गेला. खरं बोलून मी खोटी पडले. आता आवाजाचं काम करावं की नको? केलं तर लोक म्हणतील, काहीतरी झाकलंय. न केलं तर खडखड आहेच.

"पोचा पुन्हा पाडून घ्यावा का?" हे म्हणाले. चेहरा अगदी गंभीर. थट्टा होती का, हे मला आजही माहीत नाही.

मग एक तरुण नर्स आली, वडिलांना घेऊन. आरोग्य केंद्रात जायला-यायला तिला गाडी हवी होती. ती चालवायला बसली, मी शेजारी, वडील मागे. एका खड्ड्यात खडखड वाजलं. तिने गाडी तशीच पुढे नेली.

"आवाज ऐकलास का?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम, माझं सगळं ध्यान क्लचवर व्हतं."

गप्प बसता आलं असतं. पण मी आवाजाचं सांगितलं, दाराचंही सांगून टाकलं. मागून वडील म्हणाले, "तुम्ही सोताहून सांगून राह्यल्या, म्हंजे याहून मोठं काही असंल."

शेवटी मी वैतागून म्हणाले, "चला वडीगोद्रीला. तुमच्यासमोर गाडी खोलू."

मिस्त्रीने चाक काढलं, आतलं झिजलेलं रबर दाखवलं आणि नवं बसवलं. वडिलांनी ते जुनं रबर रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. का, ते मी विचारलं नाही. "आता त्यो तपासणीचा कागद बी आणा," एवढंच ते म्हणाले.

मग जालन्यात तपासणी झाली आणि सर्टिफिकेट मिळालं. त्यात दार पुन्हा रंगवल्याची नोंद होती. नर्सने ती मोठ्याने वाचली. वडिलांनी मान हलवली. "बाईंनी सांगितलं व्हतं तेच हाये."

तेवढ्यावर व्यवहार झाला. गाडी न्यायला ती आली त्या दिवशी कोपऱ्यावरच इंजिन बंद पडलं. क्लच लवकर सुटला असणार. मी चप्पल न घालताच पुढे धावले, पण पोचेपर्यंत गाडी सुरू होऊन वळलीसुद्धा.

"लेकीचं ऐकून कागद आधीच काढला असता तर?" हे दारातून म्हणाले.

"कुणास ठाऊक," मी म्हणाले, आणि पाय झाडत घरात आले.