रेडिएटरात गेलेली हळद

आमच्या गाडीचा रेडिएटर गळतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी गाडी काढली की खाली पाण्याचं थारोळं. गॅरेजवाल्यानं स्पष्ट सांगितलं होतं, जाळी कुजलीय, रेडिएटर बदला. मी बदलतोय होय! मला कुणी शहाणपणा शिकवायला लागलं की माझं डोकंच फिरतं. मी बॉनेट उघडलं, पाणी झिरपत होतं तिथं कपडे धुवायच्या साबणाची वडी घासघासून भोक बुजवलं आणि बायकोला हाक मारून दाखवलं. "बघ, टिपूस नाही." ती म्हणाली, "भाचीच्या हळदीला हीच गाडी नेणार?" मी म्हटलं, "मग काय विमान नेऊ?" तिनं पिशवी भरली आणि एसटीनं पुढं मोडनिंबला निघून गेली.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, एकुलती एक लेक. आक्का मोडनिंबला राहते. नवरा मुलगा आमच्या सोलापूरचाच, भवानी पेठेतला. आमच्याकडं हळद आधी मुलाला लावतात आणि त्यातली उरलेली, उष्टी हळद मुलीला लावतात. ती सोलापूरहून मोडनिंबला पोचवायचं काम मी मागून घेतलं. मुलाकडचे म्हणत होते, आमचा माणूस मोटारसायकलवरून देऊन येईल. मी म्हटलं, "मामा जिवंत असताना?"

आदल्या दिवशी आक्काचा फोन आला. "बाकी काय बी विसर, पण हळद तेवढी नीट आण." तिच्या स्वतःच्या लग्नात उष्टी हळद पोचलीच नव्हती. आणणारी माणसं वाटेत अडकली, मुहूर्त टळायला नको म्हणून घरातलीच हळद लावून सगळे मोकळे झाले. पुढं दाजी तरुणपणीच गेले. तेव्हा तिच्या सासूनं ती हळद उकरून काढली आणि मरेपर्यंत तिला ऐकवली. मी असलं काही मानत नाही. पण आक्का मानते, आणि का मानते ते मला चांगलं ठाऊक होतं.

हळदीचा स्टीलचा डबा शेजारच्या सीटवर ठेवून मी निघालो. मोहोळ मागं पडलं आणि इंजिन तापल्याचा काटा वर चढायला लागला. जुन्या गाडीचा काटा असाच नाचतो म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग बॉनेटमधून भसाभसा वाफ आली आणि झक मारत गाडी बाजूला घ्यावी लागली. साबण कधीच वाहून गेला होता. इंजिन निवायची वाट बघितली, कॅनमधलं पाणी ओतलं, तर वरून ओतलेलं खालून धो धो बाहेर. ऊन असं की बॉनेटला हात लावता येईना. त्यात आक्काचा फोन. "कुटं हाईस? बाया बसून हायेत की." मी म्हटलं, "हा काय, आलोच."

जुने ड्रायव्हर गळक्या रेडिएटरात हळद टाकतात. ती फुगते आणि बारीक भोकं बुजवते. हे मला आठवलं आणि मूर्खासारखा मी स्वतःवरच खूश झालो. हळद तर सीटवरच आहे! थोडी घेतली तर काय बिघडतंय? थोडी घातली. गळती जराशी कमी झाली. अजून थोडी घातली. मग हातच चालू झाला. शेवटी डब्याच्या कडेला चिकटलेली तेवढी राहिली. आम्ही सोलापूरची माणसं, नळाला रोज पाणी नाही, आमच्याकडं आमटीचं पातेलंसुद्धा विसळून पितात. त्याच सवयीनं मी डब्यात पाणी घातलं, खळखळून विसळला आणि ते पाणीही रेडिएटरात ओतलं.

डबा लख्ख झाला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, चिमूटभर जरी ठेवली असती तरी साध्या हळदीत कालवून चाललं असतं! मी स्वतःला काय काय शिव्या घातल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि कहर म्हणजे गळती थांबली होती. गाडी मोडनिंबपर्यंत सुरळीत गेली.

गावात शिरताना किराणा दुकानातून हळदीचा पुडा घेतला. गाडीत बसून, काचा वर करून, चोरासारखी ती डब्यात पाण्यानं कालवली. तेव्हासुद्धा वाटत होतं की जाऊन सरळ सांगावं. पण दारात गेलो तर आक्का पुढं आली, दोन्ही हातांनी डबा घेतला आणि कपाळाला लावला. बाया गाणी म्हणायला लागल्या. भाचीच्या तोंडाला, हातापायांना हळद लागली. ती हसत उठली आणि माझ्या गालाला हळद फासून म्हणाली, "मामा, तुम्ही होता म्हणून येळेवर आली बघा." सगळ्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड धुवायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात आक्का आत आली. "विहीणबाईंचा फोन हाय. माझं हात भरल्यात, तू धर." मी मोबाइल तिच्या कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही स्वच्छ ऐकू येत होता. "हळद पोचली ना? मुद्दाम चंदन उगाळून घातलंय हो त्यात. वास येतोय का?"

आक्कानं बोटं नाकाजवळ नेली. पुन्हा नेली. मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. एवढं तिला पुरलं.

"व्हय की," ती म्हणाली, "लई गोड वास येतोय. सगळं घर घमघमतंय."

फोन बंद झाला. आता ती मला फाडून खाणार म्हणून मी वाट बघत होतो. खरं तर तेच मला हवं होतं. पण तिच्या तोंडावरचा रंगच उडाला होता. तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"पोरीच्या सासूला कदी कळू देऊ नगंस."

बाहेर कुणीतरी तिला हाक मारली. तिनं चेहरा सारखा केला आणि हसत बाहेर गेली.