सासूबाईंनी गाळलेली

आमच्या सासूबाईंनी, कौसाबाईंनी, चाळीस वर्षं दारूशी उभा दावा धरला. सासऱ्यांची दारू गाळायची मडकी फोडली, बाटल्या विहिरीत टाकल्या, एकदा तर नवऱ्यालाच बदलापूरच्या पोलिसांसमोर नेऊन उभं केलं. सगळं सोनिवली गाव त्यांना टरकून असायचं. मीसुद्धा.

लॉकडाऊनच्या एप्रिलमध्ये सासरे, धर्मराज, झोपेतच गेले. कोरोना नव्हे, वय. दहाव्याला नदीवर आम्ही मोजून पाच माणसं, आणि भटजी व्हिडिओ कॉलवर. पिंड ठेवला. कावळा काही शिवेना!

काय काय कबूल केलं म्हणून सांगू! माझे मिस्टर जितेश हात जोडून म्हणाले, "बाबा, शेत बिल्डरला देणार नाय." कावळा ढिम्म. "धाकटीचं लग्न लावतो." छे! ऊन डोक्यावर आलं, भटजींची बॅटरी संपत आली. "दर्भाचा कावळा करा आणि उरका," ते म्हणाले. म्हणजे माणूस अतृप्तच गेला, असं गाव जन्मभर बोलणार. जितेश रडवेले झाले.

"दादाला काय हवंय ते सगळ्यांना ठाऊक हाय," चुलत सासरे पुटपुटले. "पण दुकानं बंद. थेंब मिळत नाय कुठं."

सासूबाईंनी पदराखालून पाण्याची बाटली काढली. झाकण उघडलं आणि वास आला. अगं बाई! आठ दिवस गोठ्यातून येत होता तोच. मी मेली कुजक्या फणसाच्या नावानं बोटं मोडत होते!

"आई, तुम्ही गाळली?"

"गेला त्याच दिवशी गूळ भिजत घातला. हा अडून बसणार, मला ठाऊक नाय?"

"पण येते कशी तुम्हाला?"

"चाळीस वर्षं मडकी काय डोळे मिटून फोडली?"

त्यांनी पिंडावर धार सोडली. कावळा दोन फांद्या खाली आला, मान वाकडी करून बघत बसला. पुढे काही येईना. सासूबाई भडकल्या. "संशय घेतोस माझा? मेल्या, जिता होतास तवा विष घातलं नाय, आता घालू?" आणि आमच्या देखत बाटली तोंडाला लावून त्यांनी घोट घेतला. जन्मात पहिला.

कावळ्यानं झडप घातली!

जितेश ओरडले, फोनमधून भटजी ओरडले. सासूबाई मात्र वाळूत मटकन बसल्या. दहा दिवसांत डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता हमसून हमसून रडायला लागल्या.

"पाणी जास्त झालंय रे," त्या कावळ्याला सांगत होत्या. "तुझ्यासारखी नाय जमली."