मामांचं टोरांटो

“टोरांटो म्हणजे काय, अमरावतीएवढंच दूर समजा,” मामा पानठेल्यावर सांगत होते. मी मागे स्कूटी उभी करून ऐकत होते. “माह्या भाचीचं विमान दिल्लीवरून पहाटे सुटते अन् सकाळी तिथं लागते. तिकिटावर तारीख एकच आहे. चार-पाच घंट्याचं काम.”

“अन् मधात समुद्र लागते म्हणे?” पानवाल्याने विचारलं.

“लागते ना. पण विमानाले काय नावेत बसा लागते?”

प्रवासाला निघालेल्या माणसाला घरबसल्या पोचवून देणारा माझ्या मामांसारखा माणूस अख्ख्या पवनीत नाही. गल्लीतलं कोणीही निघालं की मामा ओसरीवर खुर्ची टाकतात आणि मनाने त्याच्यासोबत निघतात. मामेभाऊ पुण्याला गेला तेव्हा ते मामीला सांगत होते, “आता कारंजा आलं. चाय पेत असन.” त्याचा फोन आला की गाडी अजून नागपुरातच आहे, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, “मंग गाडीच चुकली.” माणूस गेल्यावर लगेच घर झाडू नये, ही रीत बाकीच्या घरांत तो वळणाआड होईपर्यंतच पाळतात. मामा मात्र तो पोचल्याचा फोन येईपर्यंत पाळतात. एकदा शेजारचे काका लग्नाला गेले आणि फोन करायचं विसरले. ऐन मळणीच्या दिवसांत मामी दोन दिवस ओसरीवरचा भुसा पायाने सारत होती.

आता मी शिकायला निघाले होते. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दहाएक तास मागे चालतं, हे तिकिटावर लिहिलेलं नसतं. मला ते माहीत होतं. पण मामांच्या त्या चार-पाच तासांच्या भरवशावर आईने डोळे पुसले होते, आणि पानठेल्यावर मामांची मान इतकी ताठ होती की मी गप्पच राहिले. भीती एकच होती. सकाळी फोन आला नाही, तर बीपीची गोळी घेणारा हा माणूस दिवसभर माझं विमान पडलं असंच धरून बसेल.

निघायच्या दुपारी एस.टी. स्टँडवर अर्धी गल्ली आली होती. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. त्या वेळी कुठे बघावं हे मला अजून कळत नाही. मामा सगळ्यांसमोर गुडघ्यावर हात टेकून वाकले.

“भाचीबाई, नाश्त्याच्या आत फोन कर. मामीले घर झाडाचं आहे.”

“ओसरीचं काय घेऊन बसले,” मामी म्हणाली, “पोरीले नीट जाऊ द्या.”

लोक हसले. कंडक्टरने घंटी दिली. चारचौघांत मी मोठ्याने बोलत नाही, घरच्या बोलीत तर कधीच नाही. मी मामांचे खांदे धरून त्यांना उठवलं. त्यांचे डोळे भरले होते, तरी मान तशीच ताठ होती.

“मामा,” मी म्हणाले, “तिथं सकाळ होते तवा आपल्या इथं सांज असते. उद्या सांजेपावतर खुर्ची उचलू नका. एवढ्या दूर मले एकटीनं जाता येत नाही.”