तिसरं कोटेशन

दीपनगरच्या वीज केंद्रात मी सबंध नोकरी निविदांच्या टेबलावर काढली. तीन कोटेशनं आल्याशिवाय एकही पाकीट फोडायचं नाही, हे हाडात मुरलेलं. निवृत्तीनंतर जळगावला फ्लॅट घेतला, तेव्हा सोसायटीनं मला सेक्रेटरी केलं ते याच कौतुकापोटी. मीही फुशारून गेलो. आज वाटतं, त्या खुर्चीत एखादा अंगठेबहाद्दर बसला असता तर बरं झालं असतं.

वरच्या मजल्यावर एक अक्का राहायच्या. त्यांचे यजमान, नाना, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले. गच्ची गळायची ती नेमकी नानांच्या खोलीत. अख्खा पावसाळा अक्का ओल्या चादरी बदलायच्या आणि पलंग या भिंतीकडून त्या भिंतीकडे ओढायच्या. नानांना अडखळत का होईना, बोलता यायचं, आणि त्यांचं मागणं एकच होतं, मला या घरातून हलवू नका. म्हणून पुढच्या पावसाआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचंच, असं सभेत ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

थंडी संपताना दोन कोटेशनं आली. त्यातलं एक शहरातल्या एका वयस्क मिस्त्रींचं. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचा नुसता कागद देऊन गेले नाहीत. गच्चीवर चढले, सगळा स्लॅब हातोडीनं ठोकून पाहिला, पोकळ वाजला तिथे खडूनं खुणा केल्या. त्यांचे मजूर सातपुड्याच्या पायथ्याचे. होळीला गावी जाऊन परत येतात, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेले की पेरण्या आटोपेपर्यंत फिरकत नाहीत. मधल्या दिवसांत काम उरकून घ्या, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

माझं घोडं तिसऱ्या कोटेशनापाशी अडलं. धुळ्याचा एक ठेकेदार रोज 'उद्या पाठवतो' म्हणायचा आणि मी रोज त्याला फोन करायचो. होळी झाली, मजूर आले. बायकांनी गच्चीवर ज्वारीचे पापड, बिबडे, घातले, ते वाळून डब्यांतही गेले. एक दिवस चाचा आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, तिसरा कागद मीच आणून देऊ का? सगळीकडे असंच चालतं."

चालतं असंच. ज्याला काम मिळायचं, तोच उरलेले कागद ओळखीच्यांकडून आणतो. मी भडकलो. चारचौघांत, त्यांच्या पांढऱ्या दाढीचाही मान न ठेवता, त्यांना सचोटी शिकवली. ते जिना उतरून गेले. त्या रात्री मला छान झोप लागली, हे सांगताना लाज वाटते.

आखाजी झाली, मजूर गेले. तिसरं कोटेशन आलं ते पाऊस सुरू झाल्यावर. बैल गेला नि झोपा केला. तरीही मी तिन्ही पाकिटं सभेत फोडली, तक्ता केला, सह्या घेतल्या. काम चाचांनाच मिळालं. फोन केला तर ते शांतपणे म्हणाले की ओल्या स्लॅबवर काही करता येत नाही, आता दिवाळीनंतर बघू.

त्याच आठवड्यात नानांच्या उशाशी छताचा पोपडा पडला. धुळ्याहून लेक गाडी घेऊन आली. आम्ही चौघांनी नानांना खुर्चीत बसवून खाली आणलं. खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता. सगळा जिनाभर नाना माझ्याकडेच बघत होते. मी त्यांना थांबवून घेईन, असं त्यांना वाटत असावं. वाटेत एरंडोल येईपर्यंत ते 'घर, घर' करत होते, असं लेकीनं नंतर सांगितलं. महिन्याभरात ते धुळ्यालाच वारले.

अक्का सामान न्यायला आल्या, तेव्हा मी वर गेलो. माफी मागायची, काय बोलायचं तेही ठरवलं होतं. त्या भांडी पोत्यात भरत होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला आणि काळजीनं विचारलं, "भाऊ, तुमना कागद बठ्ठा बराबर व्हतात ना?"

तुमचे कागद सगळे बरोबर होते ना, एवढंच त्या विचारत होत्या; टोमणा नव्हता तो. माझ्यावर काही बालंट येईल, अशी त्यांना खरंच धास्ती होती.

"हो अक्का," मी म्हणालो, "बठ्ठा बराबर व्हतात."